दोन गाईड

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी बाईचं नाव घेतो. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या चामोर्शीच्या बाजूला मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. चंद्रपूरच्या वसतिगृहात मी फोनवर ‘हो बाई, नाही बाई’ करायचो तेव्हा खोलीतल्या पोरांना वाटायचं, हा अजून शाळेतल्या शिक्षिकेला घाबरतो. ते फारसं चूक नव्हतं.

धानाच्या शेतीवर चालणाऱ्या आमच्या घरात दहावी पास होणारी ती पहिली आणि पदवी घेणारा मी पहिला. मधलं सगळं तिनं केलं. लग्न होऊन ती मोहर्लीजवळच्या गावात गेली आणि काही वर्षांनी ताडोबाच्या गेटवर गाईड झाली. खाकी कपडे, डोक्यावर टोपी, उघड्या जिप्सीत ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि मागच्या पाहुण्यांना जंगल दाखवायचं. त्या कमाईवर माझी मेस चालली, पुस्तकं आली, आणि पुढं मी संशोधनाला लागलो तेव्हा मला स्वेटरही आला. ती म्हणाली, “सायन्सवाले लोकं स्वेटर घालतेत, मी पाह्यलं.”

पण मेसच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. मी शाळेत असताना बाई माझा पाठ घ्यायची. बांधावर बसून माझं विज्ञानाचं पुस्तक ती उघडून धरायची आणि मी चिखलात उभा राहून घोकायचो. एक वाक्य तिचं फार आवडतं होतं : हायड्रोजन वायू ‘फट्’ असा आवाज करून जळतो. पुस्तकासारख्या पुस्तकात ‘फट्’ लिहिलंय याचंच तिला हसू यायचं.

“आणखी एक डाव म्हन.”

“हायड्रोजन वायू फट् असा आवाज करून जळतो.”

“फट्!” म्हणून ती टाळी वाजवायची. बांधावरचे बगळे उडायचे.

त्याच हायड्रोजनवर मी पुढं पीएच.डी. करायला घेतली. विद्यापीठाकडून नोंदणीचं पत्र आलं त्या दिवशी मी तिला फोन केला. “बाई, मले गाईड भेटले.”

“गाईड? तुले कायले गाईड? तू का टुरिस्ट हायस?”

आमच्या विद्यापीठात पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला सगळे गाईडच म्हणतात, हे मी तिला समजावलं.  मग तिनं चौकशी सुरू केली.

“थो समोर बसते का मांगं?”

“सर त्यांच्या केबिनमधे बसतात.”

“मंग जंगलात कोन जाते?”

“मीच. प्रयोग मी करतो. काय दिसलं ते त्यायले जाऊन सांगतो.”

“मंग गाईड तू झाला,” बाई म्हणाली. “थो टुरिस्ट हाये. अन् टिप बी देत नसन.”

मी तेव्हा हसलो. सरांविषयी माझ्या मनात त्या वेळी आदराशिवाय काही नव्हतं. खेड्यातून आलेल्या पोराचा आदर हा उधळेपणाचा असतो. समोरचा माणूस कोट घालतो आणि न अडखळता इंग्रजी बोलतो, एवढ्यावर तो सगळा ओतून मोकळा होतो.

आमचं काम एका पिवळ्या भुकटीवर होतं. हळदीपेक्षा जरा गडद, पळसाच्या फुलापेक्षा जरा फिकी. तिच्यात धातू नाही. कार्बन, नायट्रोजन अशाच साध्या गोष्टी, ज्या आपल्या अंगात आणि झाडाच्या पानात असतात. दोन प्रकारचे रेणू घ्यायचे, एकाला तीन हात, दुसऱ्याला दोन. काचेच्या बंद नळीत ते काही दिवस तापवत ठेवले की ते हातात हात घालतात आणि त्यांची मोहोळासारखी सहा कोपऱ्यांची घरं तयार होतात. घरावर घर, थरावर थर, आणि मधून आरपार पोकळ्या. चिमूटभर भुकटीतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर मोठं अंगण भरेल. त्या पोकळ्यांत पाणी शिरतं. भिंतीवर उजेड पडला की भिंतीतला एखादा इलेक्ट्रॉन जागचा उठतो आणि पाण्यातल्या हायड्रोजनला जाऊन मिळतो. असे पुरेसे मिळाले की बुडबुडा होतो.

ही गोष्ट खरी आहे आणि मला ती अजूनही सुंदर वाटते. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी त्या भुकटीवरच चिडलोय. भुकटीनं माझं काही बिघडवलेलं नाही.

राग आहे तो ‘केवळ’ या शब्दावर. आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर एक मोठं पोस्टर होतं. त्यावर उगवता सूर्य, पाण्याचा थेंब, हिरवं पान आणि खाली ठळक अक्षरं : ‘केवळ सूर्य आणि पाणी!’ त्या दाराच्या आत सूर्याला प्रवेशच नव्हता. खिडक्यांना काळा कागद लावलेला होता आणि सूर्याचं काम करायला एक विजेवर चालणारा दिवा होता, ज्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही. कॉलेजच्या जुन्या वायरिंगनं दगा दिला की आमचा सूर्य मावळायचा. बाहेर चंद्रपूरचा उन्हाळा डांबर वितळवत असायचा आणि आत आम्ही अंधारात ‘सौर ऊर्जा येईना’ म्हणून इलेक्ट्रिशियनला फोन लावत बसायचो.

दुसरी गोष्ट पाण्याची. इलेक्ट्रॉन उठून गेला की त्याची जागा रिकामी होते, ती कुणीतरी भरायला हवी. पाण्यानं भरली तर खरं कौतुक. पण पाणी त्या बाबतीत फार कंजूष आहे. म्हणून आम्ही पाण्यात एक आम्ल घालायचो. लहान पोरं संत्र्याच्या चवीच्या आंबट गोळ्या चघळतात, त्यांत असतं तेच, क जीवनसत्त्व. ते आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि स्वतः संपतं. त्याला आमच्या शास्त्रात जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ ‘बळी जाणारा’ असा होतो. हे मी एकदा सुटीत बाईला सांगितलं.

“म्हंजे बकरा लागतेच,” ती म्हणाली.

“लागते.”

“अन् बकरा सरला का?”

“गॅस बंद.”

“मंग तुमी बकऱ्याचा गॅस म्हना नं! पान्याचं नाव कायले खराब करता?”

यात बाईनं काही शोध लावला नव्हता. हे या विषयातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येक जण ते लिहितोही, पण तक्त्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरात. वर मथळ्यात सूर्य आणि पाणी. शिवाय भुकटीवर प्लॅटिनमचे बारीक कण चढवावे लागतात, ते तर पोस्टरवरच्या हिरव्या पानामागं कुठल्या कुठं दडून जायचे. आणि आकडे! बाटलीत भुकटी घ्यायची चिमटीच्याही चिमटीएवढी, आणि वायू किती निघाला ते सांगायचं ग्रॅमच्या हिशेबानं, म्हणजे मधे एक जोरदार गुणाकार. एखाद्यानं मिनिटात भाताचे दोन घास खाल्ले म्हणून तो दिवसाला पोतं संपवतो असं छापण्यासारखं आहे ते. पण छापतात. मग दुसरा कुणी त्याहून थोडी कमी भुकटी घेतो आणि त्याहून मोठा आकडा छापतो. याला ते प्रगती म्हणतात.

मी सरांना एकदा भीतभीत म्हणालो, “सर, पोस्टरवरचं ‘केवळ’ काढू या का?”

सर हसले. “काढलंस तर पोस्टरवर राहील काय?”

माझा प्रबंध लिहून झाला तोवर या सगळ्याची मला सवय झाली होती. प्रबंधात मात्र मी ‘केवळ’ कुठंही लिहिलं नव्हतं आणि दिवा, आम्ल, प्लॅटिनम सगळं ठळक अक्षरात मांडलं होतं. तो गठ्ठा सरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. त्यांची सही झाली की तो पुढं जाणार, मग परीक्षक, मग तोंडी परीक्षा, मग बाईच्या गेटवर पेढे. पेढ्यांची ऑर्डर कुठं द्यायची हे तिनं ठरवूनही ठेवलं होतं.

सही मात्र होत नव्हती, कारण सर परिषदेच्या तयारीत होते.

हरित इंधनावरची राष्ट्रीय परिषद सरांनी मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर भरवली. कॉलेजात सभागृह होतं. पण सभागृहातून वाघ दिसत नाही. रिसॉर्टवर वाघाच्या पंजाच्या आकाराचा पोहण्याचा तलाव होता, भिंतींवर कुणीतरी शहरातून येऊन काढून दिलेली ‘आदिवासी’ चित्रं होती, आणि मागं डिझेलचा जनरेटर धडधडत होता. त्या जनरेटरवर हरित इंधनाच्या स्लाईड चालल्या. पाण्यावरच्या त्या परिषदेत प्रत्येकाच्या पुढं प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती, आणि उद्घाटनाला ज्या तुळशीच्या रोपाला पाणी घातलं त्याच्यावर नंतर कुणीतरी शाल काढून ठेवली. वक्ते एकमेकांची ओळख करून देत. ओळख व्याख्यानापेक्षा लांब असे. आपल्या भुकटीचा आकडा सर्वांत मोठा आहे असं एकानं सकाळी सांगितलं, दुसऱ्यानं दुपारी, आणि दोघांसाठी टाळ्या वाजवणारे तेच होते.

पहिल्या दिवशी पहाटे पाहुण्यांची सफारी होती. आणि योग असा की सरांच्या जिप्सीत गाईड म्हणून बाईचा नंबर लागला. मी मागं कडेला बसलो होतो. बाईनं मुद्दाम ओळख सांगितली.

“सर, मी बाबूची बहीन. तुमी त्याचे गाईड, मी तुमची गाईड.”

“अरे वा!” सर म्हणाले. “तुमचा भाऊ म्हणजे माझा मुलगाच.” आणि लगेच, “आज वाघ दिसेल ना नक्की?”

दिसला नाही. सांबर दिसलं, रानगव्यांचा कळप दिसला, एका ओल्या वळणावर ठसे दिसले. बाई काही हरिश्चंद्र नाही, हेही सांगतो. कालचा ठसा ‘आत्ताच गेला’ म्हणून दाखवताना मी तिला पाहिलं आहे. पाहुण्यांचा जीव वर-खाली होतो, त्यांचा दिवस चांगला जातो. पण गवतातला कुत्रा दाखवून वाघ म्हणणारी ती नाही. तसं कुणी केलं तर गेटवरच त्याची शोभा होते.

परतताना सर चिडले. “एवढे पैसे भरून वाघ नाही? तुम्ही लोक करता काय?”

“सर, वाघ का वेटर हाये, हाक मारली का येते?” बाई मागं वळून म्हणाली. ड्रायव्हर खाली मान घालून हसला. सर हसले नाहीत. उतरताना मला म्हणाले, “बहीण तोंडाळ आहे तुझी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हिरवळीवर प्रात्यक्षिक होतं. प्रमुख पाहुणे येणार, वार्ताहर येणार. एका काचेच्या बाटलीत पाणी आणि आमची भुकटी, तोंडाला रबरी बूच, बुचातून एक नळी पाण्यानं भरलेल्या परातीत, आणि तिथं उपडी धरलेली परीक्षानळी. उन्हात बाटली ठेवली की वायू नळीत साठणार. हे सगळं मी सकाळीच मांडून ठेवलं होतं. पण आभाळ भरून आलं. थंडीतलं मळकट ऊन, तेही ढगांच्या फटींतून. भुकटी तळाशी बसली आणि बाटली लोणच्याच्या रिकाम्या बरणीसारखी मख्ख दिसू लागली.

सर आले, वाकून पाहिलं. “बुडबुडे कुठंयत?”

“उजेड कमी आहे सर. संध्याकाळपर्यंत थोडासा वायू जमेल. आपण तसंच सांगू.”

“लोक संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत का? बुडबुडे दिसले पाहिजेत.”

आमच्या प्रयोगशाळेतला सर्वांत जुना विद्यार्थी शेजारी उभा होता. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो रिसॉर्टच्या स्वयंपाकघराकडे गेला आणि परत आला तो हातात खाण्याच्या सोड्याचा डबा घेऊन. मला क्षणभर कळेना. मग कळलं. बाटलीत आम्ल होतंच. त्यात सोड्याचं पाणी सोडलं की फसफस. भज्यांच्या पिठाला जमतं ते आमच्या परिषदेलाही जमणार होतं.

“सर, तो हायड्रोजन नाही. कार्बन डायऑक्साइड आहे.”

“बुडबुड्याला नाव कोण विचारतंय?” सर म्हणाले. मग आवाज मऊ करून, “तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे. परत गेल्यावर पहिली सही त्याच्यावर करतो. तू फक्त बाटलीपाशी उभा राहा. बोलायचं काम माझं.”

मी उभा राहिलो. प्रमुख पाहुणे आले. शाल, श्रीफळ, पुन्हा तुळस. वार्ताहरांनी मोबाईल वर धरले. आणि मागं, हिरवळीच्या कडेला, खाकी कपड्यांतले दहा-बारा गाईड आणि ड्रायव्हर येऊन उभे राहिले. बाईनं त्यांना सफारीच्या मधल्या वेळात ओढून आणलं होतं. “माह्या भावाचा गॅस पाहाले चला.” ती सगळ्यांच्या पुढं होती. टोपी काढून तिनं केस नीट केले होते.

जुन्या विद्यार्थ्यानं सिरिंज उचलली. “आता आपण उत्प्रेरक जागृत करत आहोत,” असं म्हणून त्यानं बुचातून सोड्याचं पाणी आत सोडलं. बाटली फसफसली. नळीतून बुडबुडे धावले, परीक्षानळीतलं पाणी सरसर खाली उतरलं. तेवढ्यात नेमका ढगातून उन्हाचा एक कवडसाही पडला. निसर्गसुद्धा कधीकधी चमचेगिरी करतो.

“पाहा!” सर माईकवर गर्जले. “केवळ सूर्य आणि पाणी!”

टाळ्या झाल्या. त्या ओसरत होत्या तेव्हा मागून बाईचा आवाज आला.

“सर, पेटून दाखवा नं!”

लोक मागं वळले. बाईला आणखी जोर आला. “हायड्रोजन फट् आवाज करून जळते. माह्या भावानं शाळेत पाठ केलं होतं.”

हशा पिकला. सर म्हणाले, “सुरक्षेच्या कारणास्तव ते इथं...”

“होऊन जाऊ द्या की!” प्रमुख पाहुण्यांनाच मजा वाटू लागली होती. “एवढीशी तर नळी आहे.”

एका ड्रायव्हरची आगपेटी हातोहात पुढं आली आणि माझ्या तळहातावर पडली. सर माझ्या कानाशी वाकले. “ओली आहे म्हण.”

ओली आहे म्हणणं सोपं होतं. दुपार होती, हवेत गारवा होता, कुणी तपासलं नसतं. प्रबंधावर सही झाली असती आणि बाईनं गेटवर सांगितलं असतं, गॅस झाला होता हो, आगपेटीच सादळली. पुढच्या सगळ्या पाहुण्यांना तिनं तेच सांगितलं असतं, वर्षानुवर्षं, अगदी मनापासून. मला ते सहन झालं नसतं. कालचा ठसा आजचा म्हणून दाखवणं वेगळं. माझ्या नावावर तिनं कुत्र्याला वाघ म्हणत फिरायचं, हे नाही.

मी नळीच्या तोंडावर अंगठा धरला आणि ती पाण्याबाहेर काढून सुलटी केली. हायड्रोजन असता तर उपडीच धरली असती. तो हलका, लगेच वर निसटतो. आत काय आहे ते मला माहीत होतं. काडी ओढली, अंगठा काढला, काडी आत नेली.

काडी विझली.

मी दुसरी ओढली. तीही विझली. मला वाटलं, आता सगळ्यांना कळलं. नववीच्या पोरालाही कळलं असतं. तिथं तर देशभरातले प्राध्यापक बसले होते.

सरांनी माईक उचलला. “पाहिलंत? किती सुरक्षित इंधन आहे हे! आगसुद्धा लागत नाही!”

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांनी. पुढच्या रांगेतल्यांनी सगळ्यांत आधी. त्यांच्यात एकही असा नव्हता ज्याला आग न लागणाऱ्या इंधनाचा अर्थ कळत नव्हता. पण चहा लागला होता, आणि पुढच्या परिषदेला सरांना बोलवायचं होतं, किंवा सरांनी यांना. माणसाला एवढं शिकवण्यासाठी किती लोक राबलेले असतात, आणि तो शिकून शेवटी काय करतो, तर योग्य वेळी टाळी वाजवतो.

हसले फक्त मागचे लोक. एक ड्रायव्हर म्हणाला, “बाई, तुह्या भावाचा गॅस घरी नेतो बाप्पा. चूल विझवाले कामी येईन.”

बाई हसली नाही. ती पुढं आली आणि परातीपाशी थांबली. “बाबू, फट् काऊन नाई झालं?”

सर माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. वार्ताहर त्यांचा फोटो काढत होते. “नंतर सांगतो बाई,” एवढंच मी म्हणालो. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा सरांच्या हाताकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि दुपारच्या गाडीवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ‘न पेटणाऱ्या सुरक्षित इंधना’ची बातमी सरांच्या फोटोसह आली. चंद्रपूरला परतल्यावर सरांनी मला केबिनमधे बोलावलं. प्रबंधाचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. सही नव्हती. “तुझं काम अजून कच्चं आहे,” ते म्हणाले. “साधं प्रात्यक्षिक जमलं नाही तुला.” ज्या माणसानं सोडा मागवला त्याच्या तोंडून हे ऐकताना मला आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याच आठवड्यात मी गाईड बदलण्याचा अर्ज दिला. दुसऱ्या कॉलेजातल्या एका मॅडमनी मला घेतलं. पहिल्या भेटीत त्यांनी एकच विचारलं, “बाटलीत काय काय घालता ते आधी सांग.” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “सुरुवातीपासून करावं लागेल. वेळ जाईल.” मी बरं म्हणालो.

राहिली बाई. मी फोन केला की ती उचलायची आणि म्हणायची, “गाडी सुटून राह्यली, ठेवते.” मंगळवारी ताडोबा बंद असतं. मंगळवारीही तिची गाडी सुटत होती. गेटवर तिला ‘चूल विझवणाऱ्याची बहीण’ म्हणतात, हे मला दुसऱ्याकडून कळलं. म्हणून मी तिला पत्र लिहिलं. शाळेत शिकवलेल्या मायन्यानं नाही, आपल्या बोलीत. ते असं :

बाई,

तू फोन ठेवून देतेस म्हून लिहून राह्यलो. कागद तं ठेवून देता येत नाई. फाडजो, पन आंधी वाच.

तू इचारलं होतं, फट् काऊन नाई झालं. त्याईनं बाटलीत खायाचा सोडा टाकला होता. भज्यात टाकते थो. त्याचा गॅस आग विझवते. मले आंधीच माहीत होतं. सर म्हने आगपेटी ओली हाये म्हन. मी म्हनलो असतो तं तुही इज्जत राह्यली असती अन् माही सही झाली असती. पन मंग तू जलमभर लोकायले माहा खोटा गॅस दाखवत राह्यली असतीस. तुले कोनी हसलं तं त्याले खरं सांगजो : सोडा होता, अन् काडी माह्या भावानंच ओढली.

सही झाली नाई. गाईड बदलला. आता मॅडम हायेत. नवीन गाईड समोर बसते का मांगं, हे तू इचारशील. बाजूले बसते. बाटली सोता धुते.

पेढ्याले टाइम लागन. किती, मले माहीत नाई. मी तुह्या पैशावर शिकलो, माह्या अंगावर अजून तुहाच स्वेटर हाये, अन् तुले गेटवर माह्यापायी ऐकून घ्या लागते. याचं मले रोज वाईट वाटते. सोडा टाकनाऱ्यायले एक दिवस बी वाटलं नसन.

पन एक गोष्ट सांगतो. काल मी आपली पिवळी भुकटी घेऊन गच्चीवर गेलो. दिवा नाई, वायर नाई. खरं ऊन. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बाटलीपाशी बसून राह्यलो. आंबट पानी टाकलं होतं, बकरा अजून लागतेच, हे बी सांगून देतो. सरतेशेवटी बारीकशा नळीत बोटाच्या पेराएवढा गॅस जमला. मी काडी लावली.

झालं, बाई. खूप मोठं नाई. नखावर ऊ मारली का आवाज येते, तेवढंच. पन फट् झालं.

त्याच्यानं चूल पेटत नाई, गाडी चालत नाई. कोनी पेपरात छापनार बी नाई. पन थो हायड्रोजनच होता, अन् उन्हानं काढलेला होता.

मंगळवारी ये. जंगल बंद असते, मले माहीत हाये. पहिल्या बसनं निघालीस तं ऊन चढाच्या आंधी पोचशील. कोनाले संगं आनायचं असन तं आन. चूल विझवाची म्हननारा थो ड्रायव्हर हाये नं, त्याले बी आन. अन् येतानी गेटवरची आगपेटी घेऊन ये. माह्या पेटीत काड्या सरल्या.

तुहा,
बाबू